आगे चालू है क्या?

रविवार, ९ फेब्रुवारी २०२५. प्रयागराजला महाकुंभ चालू, माघी पौर्णिमा तीन दिवसांवर आलेली. नागपूरहून निघालेल्या गाड्या सिवनी, लखनादौन मागे टाकून तिलवाऱ्याला नर्मदा ओलांडत होत्या आणि जबलपूरला बगल देऊन पनागर, सिहोरा, स्लीमनाबादवरून कटनीच्या दिशेनं सरकत होत्या. एमएच ३१, एमएच २७, एमएच १२. नुसत्या नंबरप्लेटा वाचत गेलं असतं तरी अर्ध्या महाराष्ट्राची हजेरी लागली असती. विदर्भातून प्रयागराजला मोटारीनं जायचं तर हाच हमरस्ता. जबलपूर, कटनी, मैहर, रीवा, मग सोहागीचा घाट, चाकघाट आणि पलीकडे उत्तर प्रदेश. जबलपूरहून पुढे साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. सकाळी निघालेला माणूस एरवी दुपारच्या चहाला संगमावर.

त्या दिवशी कटनी जिल्ह्यात पोलिसांची गाडी भोंग्यावरून सांगत फिरत होती की सोमवारपर्यंत वाहतूक बंद. मैहरचे पोलीस सांगत होते की मागे फिरा, कटनीला नाहीतर जबलपूरला मुक्काम करा. पुढे दोनशे ते तीनशे किलोमीटर जाम आहे, आज प्रयागराजला पोहोचणं शक्य नाही, हेही पोलिसांनीच सांगितलं आणि तो आकडा देशभर झाला. एवढी लांब एकसलग रांग होती असं नाही. कटनीपासून चाकघाटापर्यंतच्या अडीचशे किलोमीटरच्या पल्ल्यात जागोजागी गाड्या अडकल्या होत्या. रीवा झोनच्या पोलीस महानिरीक्षकांनी शनिवार-रविवारच्या गर्दीकडे बोट दाखवलं. मध्य प्रदेशचे मुख्यमंत्री मोहन यादव यांनी अडकलेल्यांच्या खाण्यापिण्याची सोय करायला प्रशासनाला सांगितलं. गावकऱ्यांनी पाणी दिलं, खिचडी वाटली. माणुसकी कमी पडली नाही. कमी पडली ती खबर.

मैहरला पोहोचलेल्या माणसाला ‘जबलपूरला जाऊन थांबा’ सांगणं म्हणजे त्याला दीडशे किलोमीटर उलटं पाठवणं. तेच त्याला जबलपूरच्या अलीकडे, तिलवाऱ्याच्या पुलावर कळलं असतं, तर तो शहरात शिरला असता, ग्वारीघाटावर नर्मदेतच डुबकी मारून पुण्याचा हिशेब तिथेच मिटवला असता. लखनादौनला कळलं असतं तर आणखी बरं. नागपुरात कळलं असतं तर घरीच राहिला असता. खबर तीच, पण ती कुठल्या किलोमीटरवर मिळते यावर तिची किंमत ठरते. ती मिळाली ती बहुतेकांना गाडी अडकल्यावर, म्हणजे तिचा काही उपयोग उरला नव्हता तेव्हा.

ड्रायव्हर लोकांचा या पट्ट्यातला सनातन प्रश्न एकच आहे: ‘भाईसाब, आगे चालू है क्या?’ काच खाली करून, हात बाहेर काढून, समोरून येणाऱ्या कुणालाही विचारायचा. हातातल्या फोनवर रस्ता लाल-हिरव्या रंगात दिसत असताना हा प्रश्न अजून का विचारावा लागतो?

रस्त्याच्या खबरेची ही भूक जुनी आहे, आणि याच रस्त्यावरची आहे. मिर्झापूरहून जबलपूरवरून नागपुराकडे उतरणारा दख्खनचा रस्ता व्यापारी, यात्रेकरू आणि सुट्टीवर घरी निघालेले शिपाई वापरत. १८१७ पर्यंत जबलपुरावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता, म्हणजे हा एका अर्थी आपल्याच लोकांचा रहदारीचा रस्ता. पुढे याच जबलपुरात बसून इंग्रज अधिकारी विल्यम स्लीमननं ठगांचा बंदोबस्त केला. कटनीच्या वाटेवरचं स्लीमनाबाद त्याच्याच नावाचं. माफीच्या साक्षीदार ठगांनी जे जबाब दिले त्यांतून त्यांची रीत कळते. वाटसरूंशी आधी ओळख काढायची, पुढची वाट धोक्याची आहे म्हणून सांगायचं, मग ‘चला, सोबतीनं जाऊ’. रुमाल नंतर निघायचा. वाटसरूला रस्त्याची खबर हवी असते आणि ती देणाऱ्यावर तो चटकन विश्वास टाकतो, हे ठगांना पुरतं माहीत होतं.

ज्यूल व्हर्नच्या ‘ऐंशी दिवसांत जगाची सफर’मध्येही मुंबईहून अलाहाबादकडे जाणारी हीच दिशा आहे. लंडनच्या वर्तमानपत्रांनी मुंबई-कलकत्ता रेल्वे पूर्ण झाल्याचं छापलेलं असतं, त्या भरवशावर फिलियस फॉग पैज लावतो, आणि गाडी मध्येच थांबते. पुढचे पन्नास मैल रूळच नाहीत. मग साहेब दोन हजार पौंडांना हत्ती विकत घेतात. गंमत अशी की प्रत्यक्षात मार्च १८७० मध्येच जबलपूरला दोन्ही बाजूंचे रूळ जुळले होते. कादंबरी आली १८७२ मध्ये. म्हणजे वर्तमानपत्रं बरोबर होती आणि कादंबरीकारानं त्यांना खोटं पाडलं. तरी फॉगची अडचण आजच्या ड्रायव्हरला नवी वाटणार नाही. कागदावर रस्ता पूर्ण, जागेवर बंद.

आता फोनवरच्या नकाशाकडे येऊ. हजारो गाड्यांतले फोन आपण कुठे आहोत, किती वेगानं सरकतोय हे सतत कळवत असतात. त्यावरून त्या तुकड्याचा सरासरी वेग निघतो, रोजच्या त्याच वेळच्या वेगाशी तो ताडून पाहिला जातो आणि रस्ता रंगतो. शहरात हे फार छान चालतं. पण नकाशाला दिसतो फोन, गाडी दिसत नाही. २०२० मध्ये बर्लिनमध्ये सायमन वेकर्ट नावाच्या कलाकारानं हातगाडीत नव्व्याण्णव जुने फोन भरले आणि मोकळ्या रस्त्यावरून ती ओढत निघाला. नकाशावर तो रस्ता लालभडक झाला. रस्त्यात एक माणूस, एक हातगाडी.

याच्या उलटं जे होतं ते आपल्या कामाचं आहे. पोलिसांनी कटनीला दोर बांधला की पुढचा रस्ता हळूहळू रिकामा होतो. त्याचसाठी तर दोर बांधलेला असतो. रिकाम्या रस्त्यावर जे दोन-चार फोन उरतात ते सुसाट धावतात आणि नकाशा म्हणतो, पुढे मोकळं आहे. शंभर किलोमीटर मागे असलेला ड्रायव्हर हे बघून उमेदीनं ॲक्सिलरेटर दाबतो. नकाशाला रस्त्याचा वेग कळतो. दोर कुणी बांधला, कशासाठी, कधी सुटणार, हे कळायला त्याला मार्ग नाही. तो निर्णय एका माणसानं घेतलेला असतो, वायरलेसवर सांगितलेला असतो, आणि बहुतेक वेळा तो तिथेच राहतो. माझं म्हणणं एवढंच आहे की ड्रायव्हर जी मागणी करतोय ती रंगांची नाही, या निर्णयाची आहे.

नकाशाला कुणी कळवलंच नाही तर काय होतं, हे नोव्हेंबर २०२४ मध्ये बरेली जिल्ह्यात फरीदपूरजवळ दिसलं. रामगंगेवरच्या पुलाचा पुढचा भाग पुरात वाहून गेला होता. नकाशावर पूल शाबूत. मोटार थेट नदीपात्रात कोसळली आणि तिघे गेले. तिथे ना आडवा बांबू होता ना दगडांची ओळ. नकाशावर खापर फोडणं सोपं आहे. पूल गेला हे ज्या खात्याला सर्वांत आधी कळलं त्यानं नकाशाला कळवलं नाही ते नाहीच, रस्त्यालाही कळवलं नाही.

हे झालं चारचाकीवाल्यांचं. ज्यांचं पोट रस्त्यावर आहे त्यांच्याकडे बघायचं तर जबलपूरच्या चंडालभाटा भागातल्या ट्रान्सपोर्टनगरात जावं, किंवा अंधमूक बायपासच्या एखाद्या ढाब्यावर टेकावं. इथली जुनी यंत्रणा अजून मेलेली नाही. समोरच्या ट्रकनं दिवसाढवळ्या डिपर मारला तर पुढे तपासणी आहे असं समजायचं. पंजा खाली करून हलवला की सावकाश. आता तिच्या जोडीला व्हॉट्सॲप आलं आहे. ट्रान्सपोर्टवाल्यांच्या ग्रुपवर टाइप कुणी करत नाही, सगळा कारभार बोलून. ‘अभी सोहागी उतरा, दो लाइन लगी है, सिंगल छोड़ रहे हैं.’ सहा-सात सेकंदांचा निरोप. ठिकाण आहे, वेळ मेसेजवर उमटलेली आहे, आणि मुख्य म्हणजे ‘सिंगल छोड़ रहे हैं’ हा पोलिसांचा निर्णयही त्यात आहे. नकाशात जे नसतं तेच नेमकं. फक्त हे त्या ग्रुपमधल्यांनाच कळतं. नव्यानं या मार्गावर आलेला सोलापूरचा किंवा धुळ्याचा ड्रायव्हर त्यात नसतो, आणि चार तासांपूर्वीचा निरोप कुणीतरी पुन्हा ढकलला की तोच ताजा म्हणून फिरतो.

ट्रकला थांबणं काय पडतं हे मोटारवाल्याच्या लक्षात येत नाही. यात्रेकरूंच्या गाड्यांना वाट द्यायची म्हणून सर्वांत आधी अवजड वाहनं कडेला घेतली जातात. मैहर-सतना-रीवा पट्ट्यातलं सिमेंट दोन दिवस थांबलं तर फार बिघडत नाही. जबलपूरच्या मटारला ते चालत नाही. थंडीभर पाटण, शहापुरा, सिहोऱ्याकडचा मटार पोत्यांतून बाहेर जातो, आपल्या मंडयांतही येतो. पोतं भरलं की आतला मटार स्वतःच तापायला लागतो. गाडी चालती असली की वारा लागतो, थांबली की पोत्याच्या पोटात हात घातल्यावर ऊब लागते. मग शेंग पिवळी पडते आणि मंडईत भाव तुटतो. तुटलेला भाव शेतकऱ्याच्या माथी, उशिराची कटौती ड्रायव्हरच्या.

त्यातच ई-वे बिल. मालाच्या या कागदाची मुदत अंतरावर ठरते, २०२१ पासून दर दोनशे किलोमीटरला एक दिवस. त्याआधी शंभराला एक होता. जामात गाडी हलली नाही तरी मुदत चालतच राहते. वाढवून घ्यायची सोय आहे, पण मुदत संपण्याआधीचे आठ तास आणि नंतरचे आठ तास एवढ्याच खिडकीत. ती चुकली आणि पुढे तपासणीत सापडलं तर कराच्या दुप्पट दंडापर्यंत गोष्ट जाते. म्हणून रांगेत अडकलेला ड्रायव्हर नुसता बसलेला नसतो. तो मालकाला फोन करत असतो, मालक मुनीमजीला, आणि मुनीमजीला जाम किती वेळ चालणार हे कुठूनतरी कळायला हवं असतं.

आता खबरेचा उलटा प्रवाह पाहा. फेब्रुवारी २०२१ पासून टोलवर फास्टॅग सक्तीचा आहे. प्रत्येक गाडी प्रत्येक नाक्यावरून कधी गेली याची सेकंदासकट नोंद होते. त्याच वर्षी ई-वे बिलाची यंत्रणा फास्टॅगला जोडली गेली, म्हणजे करखात्याच्या अधिकाऱ्याला ट्रक कुठे आहे ते बसल्या जागी दिसू लागलं. २०२४ मध्ये महामार्ग प्राधिकरणानं सुमारे शंभर टोलनाक्यांवरच्या रांगांवर थेट नजर ठेवायची यंत्रणा सुरू केली. म्हणजे जबलपूर सोडलेल्या आणि कटनीला न पोहोचलेल्या गाड्या किती, हे काढायला कुणा शास्त्रज्ञाची गरज नाही, दोन नाक्यांची वजाबाकी पुरे. ड्रायव्हर आपली जागा क्षणाक्षणाला सरकारला कळवतोय. सरकारनं त्याला कळवायची वेळ आली की भोंग्याची गाडी निघते. १०३३ ही हेल्पलाइन आहे, ‘राजमार्गयात्रा’ हे ॲपही २०२३ पासून आहे; पण त्यांच्याकडे फोन ड्रायव्हरनं करायचा, ॲप ड्रायव्हरनं उघडायचं.

जबलपूर शहरातही हेच, लहान प्रमाणात. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीसाठी जी पहिली वीस शहरं निवडली गेली त्यांत जबलपूर होतं. चौकाचौकांत कॅमेरे लागले, नियंत्रण कक्ष झाला, सिग्नल तोडला की मोबाइलवर ई-चालान येऊ लागलं. मदनमहाल ते दमोहनाका हा सुमारे सात किलोमीटरचा उड्डाणपूल बांधला जात होता तेव्हा राणीताल, बलदेवबागेतून जाणाऱ्यांनी काही वर्षं रोज नवा खड्डा, नवं वळण सोसलं. गोलबाजार, राइट टाउनमधल्या मराठी घरांतही ‘आज दमोहनाक्याकडून येऊ नकोस’ हा निरोप नात्यागोत्यातूनच फिरायचा. २३ ऑगस्ट २०२५ ला नितीन गडकरींच्या हस्ते पूल खुला झाला, तो प्रश्न सुटला. पण ज्या कॅमेऱ्याला हेल्मेट नसलेलं डोकं दिसतं त्याला तुंबलेला चौकही दिसत असणारच. दंडाचा मेसेज पाठवायला नंबर सापडतो, रस्त्याचा मेसेज पाठवायला का सापडत नाही?

मध्य प्रदेशातच त्याच वर्षी जूनच्या अखेरीस इंदूर-देवास रस्त्यावर दीड दिवसाहून जास्त जाम लागला. त्यात अडकलेल्या तिघांचा मृत्यू झाल्याच्या तक्रारी झाल्या आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठापुढे गेलं. (मुख्यपीठ जबलपुरातच आहे.) तिथे महामार्ग प्राधिकरणाच्या वकिलांनी, लोक काही काम नसताना इतक्या लवकर घरातून निघतात तरी कशाला, अशा अर्थाचं विधान केलं. गदारोळ झाला, प्राधिकरणानं वकिलांना नोटीस दिली आणि ही आमची भूमिका नाही म्हणून हात झटकले. पण ते वाक्य तोंडातून निसटलं कसं हे समजण्यासारखं आहे. यंत्रणेच्या लेखी कोंडीचं कारण म्हणजे घरातून निघालेला माणूस. त्यानं निघायचं की नाही हे कशाच्या आधारे ठरवावं, हा प्रश्न त्या बाजूला बसलेल्याला पडतच नाही.

हा प्रश्न सत्तर वर्षांपूर्वी लॉस एंजेलिसमध्ये एका रेडिओवाल्याला पडला. लॉइड सिगमन हे गृहस्थ समाजसेवेला निघाले नव्हते. मोटारीतले श्रोते आपल्या केंद्राला मिळावेत एवढाच हेतू. त्यांनी एक यंत्र बनवलं. पोलिसांच्या नियंत्रण कक्षातून संदेश सुटला की रेडिओ केंद्रातलं यंत्र तो आपोआप टेपवर घेई आणि दिवा लावून तंत्रज्ञाला जागं करी. पोलीसप्रमुख विल्यम पार्कर यांनी परवानगी दिली ती एका अटीवर: संदेश एकट्या तुमच्या केंद्राला नाही, ज्या केंद्राला हवा त्या प्रत्येकाला मिळाला पाहिजे. १९५५ मध्ये हे सुरू झालं. जानेवारी १९५६ मध्ये रेल्वेगाडी घसरली तेव्हा डॉक्टर-परिचारिकांना घटनास्थळी येण्याचं आवाहन याच वाटेनं गेलं, आणि इतके लोक मोटारी घेऊन धावले की तिथेच कोंडी झाली! तेव्हा खबर देणं हेही निस्तरावं लागणारं काम आहे, हे कबूल. पण त्यांनी यंत्र बंद केलं नाही. आजही कॅलिफोर्नियात अचानक काही घडून लेन तीस मिनिटं किंवा जास्त बंद राहणार असेल तर तसा इशारा निघतो. मला त्या यंत्रापेक्षा या दोन गोष्टी मोलाच्या वाटतात: सगळ्यांना द्या ही अट, आणि तीस मिनिटं ही रेघ. कधी कळवायचं हे आधी ठरलेलं असलं की साहेबांना विचारत बसावं लागत नाही.

जबलपूर-प्रयागराज रस्त्यावर अशी रेघ नाही आणि ती मारणार कोण हेही ठरलेलं नाही. रेल्वेगाडी कुठे आहे हे फोनवर कळतं, कारण रेल्वेचा मालक एक. इथे जबलपूर, कटनी, २०२३ मध्ये जिल्हा झालेलं मैहर, रीवा, मग दुसऱ्या राज्यातलं प्रयागराज. प्रत्येकाची हद्द वेगळी, पोलीस अधीक्षक वेगळे. प्रयागराजनं गाड्या घेणं थांबवलं की रीवा थांबवतो, रीवा तुंबला की मैहर, मग कटनी. निर्णय असा हद्दीहद्दीनं मागे येतो आणि ड्रायव्हर त्याच्याकडे ताशी ऐंशीच्या वेगानं जात असतो. आकाशवाणीनं मेळ्यासाठी १०३.५ वर ‘कुंभवाणी’ सुरू केली होती, पण एफएमच्या लहरी मेळ्याच्या आसपास. तिथवर पोहोचलेल्याला रस्त्याची काय चिंता? जबलपुरात आकाशवाणीचं केंद्र आहे, ट्रकच्या केबिनमध्ये अजून रेडिओ वाजतो. दर अर्ध्या तासाला चार वाक्यं पुरली असती.

फेब्रुवारीतल्या त्या जामाच्या आठवड्यात बिहारच्या बक्सरकडच्या सात जणांनी यातून आपल्यापुरती वाट काढली. रस्ता जाम आहे म्हटल्यावर त्यांनी नावेला मोटार जोडली आणि गंगेतून पावणेतीनशे किलोमीटर येऊन स्नान केलं. रात्री वाट चुकू नये म्हणून फोनवरचा नकाशा लावला होता म्हणे. गंगेवर दोर बांधणारं कुणी नव्हतं, त्यामुळे तिथे तो बरोबर चालला असावा.

हे सगळं उगाळायचं कारण पुढ्यात आहे. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थाचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आहे आणि पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला, म्हणजे भर पावसात. कसारा घाट, घोटी-त्र्यंबक रस्ता आणि पाऊस यांचं सख्य किती ते सांगायला नको. आणि या वेळी जबलपूर, कटनी, रीव्याच्या गाड्या उलट्या दिशेनं आपल्याकडे येतील. नागपूरपर्यंत तोच रस्ता, पुढे समृद्धी महामार्ग. जून २०२५ मध्ये इगतपुरीच्या पुढचा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून सातशे एक किलोमीटर सलग, वेगवान, मध्ये सिग्नल नाही. म्हणजे कटनीला जी गर्दी साचायला दोन दिवस लागले ती सिन्नरला एका दुपारीत येऊ शकते.

जमेची बाजू एवढीच की समृद्धीवर शिरायच्या आणि उतरायच्या जागा ठरलेल्या आहेत, शिरलेली प्रत्येक गाडी मोजली जाते आणि रस्त्याचं मालक महामंडळ एकच आहे. जबलपूरच्या रस्त्याला जे नव्हतं ते इथे आयतं आहे. सिन्नरला गाड्या थांबवायचा निर्णय झाला तर तो नागपूरच्या शिवमडक्याला, वर्ध्याला, जालन्याला फलकावर किती मिनिटांत उमटणार, हिंदीत उमटणार की नुसता मराठीत, तो कुणाच्या सहीनं निघणार आणि ती सही करणारा माणूस त्या रात्री झोपलेला असेल तर कुणाच्या, एवढं ध्वजारोहणाआधी लिहून ठेवता येईल. त्याला पूल बांधावा लागत नाही, जमीन घ्यावी लागत नाही. नाशिक, अहिल्यानगर, ठाणे आणि पालघरचे पोलीस अधीक्षक एका टेबलाशी बसवावे लागतात.